कोकणातली रानअळंबी: ओळखायची कशी, बघायची कुठे, काढायची किती?

पाणंद (धागाकर्ता)

नमस्कार. कुडाळच्या बाजूला आमची घरची काजूबाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला कातळ, त्याला लागून रान, आणि थोडं चढून गेलं की समुद्र दिसतो. नोकरी संपवून मी आता कायमचा इथे राहायला आलो आहे.

लहानपणी आषाढात घरी करंडीभर अळंबी यायची. ती आणणारी माणसं आता राहिली नाहीत. वाडीतल्या तरुण पोरांना विचारलं तर "कशाला भानगड काका, बाजारातली बटण मशरूम आणा" असं सांगतात. मला ते पटत नाही. पिढ्यानपिढ्या खाल्लेली, दारातल्या रानात उगवणारी वस्तू निव्वळ धास्तीपोटी सोडून द्यायची, हे मोठं नुकसान आहे असं मनापासून वाटतं.

म्हणून विचारतो. खायची रानअळंबी ओळखायची कशी? कुठे आणि कधी बघायची? फोटोवरून ओळखणाऱ्या ॲपवर किती विसंबावं? आणि एका जागेवरून किती काढावी? स्वतः रान फिरलेल्यांनी जरूर लिहा. ऐकलेलं लिहिलंत तरी चालेल, फक्त ते ऐकलेलं आहे एवढं सांगा.

---

जांभ्याची_खाण

पाणंद, विषय जिव्हाळ्याचा काढलात. जरा ऐसपैस लिहितो.

अळंबीच्या मागे लागण्याआधी वारुळं हेरून ठेवा. तळकोकणात आणि गोव्यात जिला जाणती माणसं खरी अळंबी म्हणतात ती बहुतकरून टर्मिटोमायसिस या प्रजातीतली असते, आणि ती वाळवीशिवाय उगवत नाही. वाळवी पालापाचोळा, लाकूड खाते, पण लाकडातलं लिग्निन हे चिवट द्रव्य तिला पचत नाही. मग अर्धवट पचलेला तो माल विष्ठेतून बाहेर टाकून ती वारुळाच्या पोटात सच्छिद्र गोळे रचते. त्या गोळ्यांवर बुरशी वाढते, लिग्निन फोडते, आणि तयार झालेलं अन्न वाळवी खाते. ही सरळसरळ शेती आहे आणि ती सुमारे ३ कोटी वर्षं चालू आहे. माणसाची शेती त्यापुढे कालची.

पावसाळा सुरू झाला, पंखवाली वाळवी उडून गेली, जमीन आतपर्यंत भिजली, की काही आठवड्यांनी याच बागेतून अळंबी वर येते. म्हणून तिचा देठ जमिनीत संपत नाही. मुळासारखा निमुळता होत हातभर खालीसुद्धा जातो, थेट त्या गोळ्यापर्यंत. टोपीच्या मधोमध एक टणक टोक असतं, त्याने ती माती भेदून वर येते. टोपीखालच्या पात्या आधी पांढऱ्या आणि उमलल्यावर गुलाबी छटेच्या. काही जातींच्या देठाला कडं असतं, काहींना नसतं, तेव्हा कड्यावरून निकाल लावू नका.

आणखी एक. प्रत्येक वारूळ जमिनीवर दिसतंच असं नाही. पुष्कळ ठिकाणी वाळवीची वसाहत पूर्ण जमिनीखाली असते आणि वर सपाट पायवाट. म्हणूनच जुनी माणसं जागा लक्षात ठेवतात: अमक्या किंजळाच्या बुंध्याशी, तमक्या गडग्याच्या कोपऱ्यात. वसाहत जिवंत असेल तर अळंबी दरवर्षी तिथेच, जवळपास त्याच सुमाराला येते.

---

पेजेचा_तोप

जागा इचारू नको रे बाबा! आमच्याकडे अळंबी खंय गावली ता कोण कोणाक सांगणा नाय. आजयेन माका जागा दाखवल्यान ती सपत घालून. माझ्या घोवाक अजून म्हायत नाय. :)

---

माडाखाली

@पेजेचा_तोप, आमच्या गावात मुलीला हुंड्यात काही दिलं नाही तरी चालेल, पण अळंबीची जागा सासरी सांगायची नाही असा दंडक होता म्हणतात. ऐकीव!

---

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, किनारपट्टीवरच्या तालुक्याच्या गावी काम करते. पावसाळ्यात अळंबीची विषबाधा झालेले रुग्ण येतात. घाबरवायचं नाही, पण काही गोष्टी या धाग्यावर सुरुवातीलाच असाव्यात असं वाटतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एका पांढऱ्या, मोठ्या, टोपीवर तपकिरी खवले असलेल्या छत्रीमुळे. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस तिचं नाव. माडाच्या बागेत, हिरवळीवर, शेणखत पडलेल्या जागी, कधी कधी गोल रिंगण करून उगवते. दिसायला देखणी, वासाला चांगली. कोवळी असताना पात्या पांढऱ्याच असतात, नंतर हिरवट होतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, इतके की लहान मूल किंवा म्हातारं माणूस पाणी कमी होऊन गंभीर होऊ शकतं. जगभरच्या उष्ण प्रदेशांत अळंबीच्या विषबाधेचं हे फार मोठं कारण आहे.

पण माझी खरी काळजी उशिरा लागणाऱ्या विषाची आहे. अमॅनिटा प्रजातीतल्या काही जातींत ॲमाटॉक्सिन असतं. भारतात अमॅनिटाच्या अनेक जाती उगवतात. या विषाने पहिले सहा ते बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात उतरलं, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. शिजवून, उकळून, वाळवून हे विष जात नाही.

म्हणून जेवल्यावर सहा तासांहून उशिरा त्रास सुरू झाला तर तो साधा पोटाचा त्रास समजू नका. १०८ ला फोन करा, थेट मोठ्या रुग्णालयात जा, आणि "अळंबी खाल्ली होती, अमुक वाजता" हे न लाजता सांगा. लोक हे लपवतात. त्यात हातचा वेळ जातो.

---

कोंड्याचा_मांडा

आमच्या घरी साधी परीक्षा होती. शिजवताना त्यात लसणीची पाकळी किंवा चांदीचं नाणं टाकायचं. काळं पडलं तर फेकायची. शिवाय किडामुंगीने खाल्लेली असेल तर माणसालाही चालते. आजवर कोणाला काही झालेलं नाही.

---

रात्रपाळी

@कोंड्याचा_मांडा, तुमच्या घरी कोणाला काही झालं नाही याचा आनंदच आहे. पण त्याचं श्रेय नाण्याला नाही, ज्याने अळंबी ओळखून आणली त्या माणसाला आहे. ॲमाटॉक्सिनने चांदीही काळी पडत नाही आणि लसूणही नाही. किडे आणि गोगलगायी विषारी अळंबी बिनदिक्कत खातात, त्यांचं शरीर वेगळं. साल सहज सोलली जाते का, चव कडू आहे का, या परीक्षाही तितक्याच निरुपयोगी. विषारी अमॅनिटा खाऊन वाचलेल्यांनी ती चवीला छान होती असं सांगितलेलं आहे.

---

कोंड्याचा_मांडा

नाण्याचं पटलं. ओळखून आणणारी माझी काकी होती, आणि ती वारुळाशिवाय दुसरीकडची अळंबी घरात घेत नसे, हेही आता आठवतंय. तुमचं म्हणणं बरोबर दिसतंय.

---

रोयणीकडचा

गोव्यातून. सत्तरी तालुक्यात वारुळाला रोयण म्हणतात, तिथे येणारी ती रोयणीची ओळमी. आमच्याकडे सातेरी देवी पूजली जाते तीच मुळी रोयणीच्या रूपात. कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात आजही मातीचं वारूळ आहे. तुमच्या सिंधुदुर्गातही सातेरीची देवळं आहेतच. जमिनीतून वर येणारी माती देवी मानून जपली, तिला फावडं लावलं नाही, म्हणून तिच्या आजूबाजूचं रान टिकलं आणि ओळमीही टिकली असं माझं मत आहे.

आता दुखणं सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये फोंड्याहून पुढे रस्त्याच्या कडेला पानांत गुंडाळून ओळमी विकायला बसतात. भाव शेकड्यावर, आणि तो ऐकून माणूस दोनदा विचार करतो. भाव चढा म्हणून काढणारे रात्री बॅटरी घेऊन जातात, उमलायच्या आधीच्या कळ्यासुद्धा सोडत नाहीत, कारण कळीला जास्त मागणी. काही जण तर रोयण खणतात. गोव्यातले कवकशास्त्रज्ञ (बुरशीचे अभ्यासक) नंदकुमार कामत अनेक वर्षं या ओरबाडण्याविरुद्ध लिहीत, बोलत आले आहेत. वनखातंही दर पावसाळ्यात अभयारण्यांतून ओळमी काढू नका म्हणून बजावतं.

कळी न सोडण्यातलं नुकसान समजून घ्या. बहुतेक जातींत उडून गेलेली राणी नव्या वारुळात बुरशी सोबत नेत नाही. नव्या वसाहतीतली पहिली कामकरी वाळवी बाहेर पडते आणि उमललेल्या ओळमीतून सांडलेले बीजाणू, म्हणजे तिचं बारीक बी, उचलून आणते. ओळमी उमललीच नाही तर बीजाणू कुठले? मग नव्या रोयणीत बाग लागायची कशी?

---

जांभ्याची_खाण

@रोयणीकडचा, हा मुद्दा फार मोलाचा. पाणंद यांच्या "किती काढावी" या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पूर्ण उमलून छत्री सपाट झालेल्या तशाच सोडा, त्या चवीलाही उतरलेल्या असतात. कळ्यांतल्या बऱ्याचशा राहू द्या. अर्धवट उमललेल्या घ्या. देठ जमिनीलगत हळू पिळून वर घ्या, पूर्ण मूळ उपसायच्या मागे लागू नका. काठी, कुदळ तर अजिबात नको.

---

कातकरवाडीचा_मास्तर

सगळं पटतं, पण एका गोष्टीवर आक्षेप नोंदवतो. रायगडात शिकवतो. पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या बाया पहाटे रानात जातात आणि अळंबी, शेवळं, भारंगी, कुरडू घेऊन बाजाराच्या रस्त्यावर बसतात. अळंबी वाट्यावर विकतात. शेतावरचं काम नसलेल्या दिवसांत घरात येणारा हा रोख पैसा असतो. "ओरबाडणारे" या शब्दात त्यांना घालू नका. या बायांना कुठली जागा यंदा सोडायची हे कोणी शिकवावं लागत नाही, कारण पुढच्या वर्षी त्यांनाच तिथे यायचं असतं.

---

रोयणीकडचा

@मास्तर, त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही माझा. मी बोलतो आहे ते गाडी घेऊन येणाऱ्या, एका रात्रीत रान रिकामं करून जाणाऱ्या माणसांबद्दल.

---

कलम_आणि_कायदा

कायद्याचं थोडक्यात, कारण गैरसमज दिसतात. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही काढणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. म्हणजे मुरुडजवळचं फणसाड असो, गोव्यातलं म्हादई किंवा मोलेचं रान असो, हौसेने फिरायला गेलेल्याने अळंबीला हात लावू नये. दुसरीकडे वनहक्क कायदा २००६ आदिवासी आणि पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्या इतर समाजांना गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क देतो. मास्तर म्हणतात त्या बायांचा हक्क तिथून येतो. पाणंद यांची स्वतःची बाग आहे, तिथे प्रश्नच नाही. देवराईत मात्र गावाची रीत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. कित्येक देवरायांत पडलेलं पानसुद्धा उचलत नाहीत.

---

पाणंद

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. @रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद छापून स्वयंपाकघरात लावतो आहे. ॲपबद्दल मात्र अजून कोणी बोललं नाही. काल काजूखाली एक उगवलेली दिसली, वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले, तर प्रत्येक फोटोला वेगळं नाव आलं.

---

सोनोमाची_सई

ॲपबद्दल मी लिहिते. उत्तर कॅलिफोर्नियात राहते, मूळची वेंगुर्ल्याची. इथल्या समुद्रालगतच्या रानात पावसाळा हिवाळ्यात येतो, आणि लोक शँटरेल, बोलीट ही इथली खायची अळंबी शोधायला बाहेर पडतात. सॉल्ट पॉइंट नावाच्या किनाऱ्यावरच्या राज्य उद्यानात घरी खाण्यापुरती अळंबी काढायला परवानगी आहे, किती काढायची याची मर्यादा ठरवून. मी इथल्या हौशी मंडळाबरोबर जाते आणि ते पहिल्याच दिवशी सांगतात: ॲपचं उत्तर म्हणजे एक अंदाज, ताटात वाढायचा दाखला नव्हे. फोटोत देठाचं बूड दिसत नाही, वास येत नाही, बीजाणूंचा रंग कळत नाही.

इथे ओक वृक्षांखाली डेथ कॅप उगवते, रात्रपाळी यांनी सांगितलेली ॲमाटॉक्सिनवाली अमॅनिटा. ती मूळची युरोपातली, झाडांच्या मुळांबरोबर इकडे आली. तिने इथे ज्यांचे बळी घेतले त्यांत आग्नेय आशियातून आलेली माणसं बरीच आहेत. ती अडाणी नव्हती. त्यांच्या देशात भाताच्या पेंढ्यावर येणारी अळंबी, व्होल्व्हॅरिएला, ते पिढ्यानपिढ्या खात आलेले. कोवळी डेथ कॅप अगदी तशी दिसते, दोन्ही पिशवीतून बाहेर येतात. तिकडे बिनचूक असलेली ओळख इकडे घात करून गेली. ही पेंढ्यावरची अळंबी आपल्याकडेही उगवते, तेव्हा इथून परत येणाऱ्यांनी आणि इकडे येणाऱ्यांनी दोघांनीही लक्षात ठेवावं. अळंबीची ओळख तिच्या रानाशी बांधलेली असते, रान बदललं की पहिलीपासून शिकायचं.

बीजाणूंचा ठसा घरी घेता येतो. टोपी देठापासून कापा, पात्या खाली करून अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला, रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर रंग उतरलेला असतो. क्लोरोफायलमचा हिरवट, अमॅनिटाचा पांढरा, टर्मिटोमायसिसचा गुलाबी.

---

जांभ्याची_खाण

सई, उत्तम. फक्त एक पुरवणी: गुलाबी ठसा आला म्हणून खायची, असं कोणी करू नये. एन्टोलोमा प्रजातीचाही ठसा गुलाबी असतो आणि तिच्यातल्या काही जाती विषारी आहेत. ठशाने नापास करता येतं, नुसत्या ठशाने पास करता येत नाही. वारुळाचं मूळ, टोपीचं टोक, पात्या, ठसा आणि हंगाम हे सगळं एकत्र जुळलं पाहिजे. एक जरी जुळलं नाही तरी ती अळंबी तिथेच राहू द्या.

---

भातपेंढी

मला वारुळाजवळ तांदळाच्या शितांएवढाल्या पांढऱ्या बारीक अळंब्यांचा सडा दिसतो. मूळ वगैरे काही नाही. ती वेगळी का?

---

जांभ्याची_खाण

वर्णनावरून टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस वाटते, पण फोटोशिवाय आणि ठशाशिवाय खाण्याबद्दल मी काही म्हणणार नाही. त्या जातीत वाळवी आपल्या गोळ्यांचे तुकडे जमिनीवर आणून पसरते आणि त्यांवर ही उगवते, म्हणून लांब मूळ नसतं. टोपी एक-दोन सेंटिमीटरची. याच प्रजातीतली आफ्रिकेतली टायटॅनिकस ही जात बघा, तिची टोपी मीटरभर रुंद होते. एकाच कुळात केवढा फरक!

---

पेजेचा_तोप

मीटरभर? एक काढली की वाडी जेवली!

---

वैनगंगेकाठी

किनाऱ्यावरचा नाही, तरी लिहितो. आमच्या गोंदिया-गडचिरोलीकडे सात्या आणि टेकोडे म्हणतात. तिकडेही वारुळाचंच गणित. आमच्याकडे पक्कं मानतात की आभाळ गडगडलं की सात्या फुटतात. तुमच्याकडेही असं आहे का?

---

माडाखाली

आहे तर! "गडगडलं काय? मग उद्या रानात."

---

जांभ्याची_खाण

गडगडाट होतो तेव्हा सरी जोराच्या येतात, जमीन खोलवर भिजते, हे साधं कारण आहेच. जपानमध्ये इवाते विद्यापीठात लाकडावर वाढवलेल्या शिताके अळंबीला उच्च दाबाचे विजेचे झटके देऊन उत्पन्न वाढल्याचे प्रयोग झाले आहेत. तेव्हा जुन्या माणसांचं बोलणं मी तरी हसून सोडून देत नाही.

---

काजवेकर

अवांतर होईल, पण राहवत नाही. जुलै-ऑगस्टच्या रात्री दोडामार्गकडच्या रानात किंवा म्हादईत, टॉर्च बंद करून दहा मिनिटं शांत उभे राहा. कुजलेल्या ओल्या काटक्या हिरवट उजळलेल्या दिसतात. मायसिना प्रजातीतल्या बुरशीचा तो उजेड. भीमाशंकरलाही दिसतो. दिवसाही तो असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. कृपया काटकी उचलून घरी आणू नका, सुकली की उजेड गेला.

---

तिरफळ

सगळे रानातच फिरताहेत, चुलीकडे कोणी येतच नाही! अळंबीचं करायचं कसं ते लिहिते.

आधी साफ करणं. मुळाचा मातीचा भाग तासून टाका, टोपी उभी फाडा, मीठ-हळदीच्या पाण्यात दोन-तीनदा हलक्या हाताने खळबळा. पाण्यात भिजत ठेवू नका. कांदा तेलावर परता, हिरवी मिरची, ठेचलेली लसूण, हळद, मग अळंबी. तिचं स्वतःचं पाणी सुटतं, त्यातच शिजते. शेवटी ओलं खोबरं आणि दोन आमसुलं. संपलं. भाजलेल्या वाटणात बुडवून तिची चव मारू नका.

---

पेजेचा_तोप

तिरफळताई, वाटणाशिवाय अळंबी? कांदा-खोबरं खरपूस भाजून, धणे, मिरी, लवंग घालून केलेल्या दाट रस्स्यात अळंबी आणि फणसाच्या आठळ्या, सोबत तांदळाची भाकरी. मातीत पुरून ठेवलेल्या आठळ्या तोवर संपत आलेल्या असतात, त्या या रस्स्यासाठीच राखायच्या. श्रावण पाळणाऱ्यांच्या घरी हेच आमचं मटण.

---

रोयणीकडचा

आमच्याकडे शागुती. वाद मिटला.

---

तिरफळ

मिटला नाही. करंडीभर असेल तेव्हा रस्सा करा, मूठभर असेल तेव्हा माझ्यासारखं सुकं करा, एवढी तडजोड मान्य. :)

---

रात्रपाळी

चुलीचा विषय निघालाच आहे तर दोन सूचना. कच्ची खाऊ नका, अळंबीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, ते शिजवल्याशिवाय नीट पचत नाही. आणि पहिल्यांदा खाणाऱ्याने चवीपुरती खावी, चांगली अळंबीसुद्धा एखाद्याला सोसत नाही. दारूसोबत तर रानअळंबी टाळाच. पिकल्यावर काळी होऊन विरघळणारी एक जात अशी आहे की नुसती खाल्ली तर काही होत नाही, पण त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात.

---

भातपेंढी

एवढी मागणी आहे तर हिची लागवड का करत नाहीत? धिंगरी अळंबी तर आमच्या बचत गटातल्या बाया भाताच्या पेंढ्यावर आरामात काढतात.

---

जांभ्याची_खाण

धिंगरीला पेंढा पुरतो. टर्मिटोमायसिसला वाळवी लागते. प्रयोगशाळेत तिचे तंतू वाढवता येतात, पण त्यावर अळंबी धरत नाही, धंद्यासाठी लागवड कुठेच उभी राहिलेली नाही. म्हणजे ती खायची असेल तर वारुळं राखणं एवढाच मार्ग आहे. दोडामार्ग पट्ट्यात डोंगरच्या डोंगर रबर आणि अननसासाठी साफ झाले. बुलडोझर फिरला की वर दिसणारी झाडं मोजली जातात, खालची वारुळं कोणाच्या हिशेबात नसतात.

---

पाणंद

@जांभ्याची_खाण, नेमका इथेच माझा प्रश्न येऊन ठेपतो. बागेत गडग्याजवळ मोठं वारूळ आहे. शेजारी म्हणतात, वाळवी काजू खाईल, औषध ओत आणि मोकळा हो. औषधाचा डबाही आणून दिला आहे. काय करू?

---

कलमी_हापूस

मी बागायतदार, इथे उत्तर देतो. डबा परत द्या. वारूळ करणारी ही वाळवी मुख्यतः मेलेली साल आणि सुकं लाकूड खाते. धरलेल्या मोठ्या झाडाला तिचा त्रास थोडा, नव्या कलमांना मात्र होतो. खोडावर मातीचे बोगदे दिसले की खराट्याने झाडून टाका, खोडाला जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा, कलमाच्या बुंध्याशी सुका पाला साठू देऊ नका. वाळलेल्या फांद्या वारुळाच्या बाजूला टाका, तिचं पोट तिथेच भरू दे. आणि एक नक्की: जिथे कीटकनाशक किंवा तणनाशक ओतलं आहे तिथली अळंबी खायची नाही. अळंबी जमिनीतलं नको ते शोषून घेते. हमरस्त्याच्या कडेची, खाणीजवळचीही याच कारणाने नको.

---

पाणंद

डबा परत केला. वारुळाभोवती काटेरी कुंपण केलं, म्हणजे गुरं तुडवणार नाहीत.

आणखी चांगली बातमी. पलीकडच्या वाडीत एक काकी आहेत, वय झालं आहे पण अजून रानात जातात. आमच्या आईच्या ओळखीने गेलो. यंदाच्या पावसात मला बरोबर न्यायला तयार झाल्या आहेत. अट एकच: पहिल्या वर्षी फक्त बघायचं, हात लावायचा नाही.

---

पेजेचा_तोप

काकीक माझो नमस्कार सांग. आणि जागा हंय लिवू नको!

---

कातकरवाडीचा_मास्तर

पाणंद, हेच योग्य. वाडीतल्या त्या "भानगड नको" म्हणणाऱ्या पोरांपैकी एखाद्याला बरोबर न्या. काकींना चालतं का ते आधी विचारा.

---

पाणंद

@मास्तर, शेजारचा मुलगा यायला तयार आहे, काकींनाही चालेल म्हणाल्या. आता शेवटची शंका: पुढच्या वर्षी काढायची परवानगी मिळाली तर न्यायचं कशात, आणि टिकते किती?

---

तिरफळ

बांबूच्या करंडीत, खाली कुड्याची नाहीतर सागाची पानं. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून तासाभरात चिकट होते. त्याच दिवशी शिजवा. उरली तर शिजवून फ्रीजरमध्ये ठेवा, कच्ची ठेवू नका.

---

रात्रपाळी

आणि काढलेल्यांतली एक, बुडासकट, कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवा. कोणाला काही झालंच तर ती आमच्याकडे घेऊन या. कोणती खाल्ली हे कळलं की पहिल्या तासापासून नेमके उपचार सुरू करता येतात.